पेंग्विन आणि ओहोटी: परभणीहून मुंबईच्या एका दिवसाच्या सहलीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली पंधरा-वीस लेकरं आणि पाच-सहा मोठी माणसं मिळून आम्ही समुद्रातले प्राणी बघायला मुंबईला जातो. एक रात्र गाडीत, एक दिवस मुंबईत, दुसरी रात्र परत गाडीत. परीक्षा संपल्या की फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढले. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. ज्यांना फक्त गाडी आणि तारीख हवी त्यांनी तेवढंच वाचून बाकीचं सोडून द्यावं.

समुद्रातले प्राणी म्हणजे नेमकं काय दाखवता?

दोनच गोष्टी. सकाळी भायखळ्याच्या राणीच्या बागेतले पेंग्विन आणि संध्याकाळी गिरगाव चौपाटीवरची ओहोटी. परदेशातल्या व्हिडिओत दिसतात तसली उड्या मारणाऱ्या माशांची, कारंज्यांची जागा मनात धरून येऊ नका.

आमच्याकडच्या बहुतेक लेकरांनी समुद्रातलं एकच जनावर जवळून पाहिलेलं असतं, तेही आठवडी बाजारात पोत्यावर वाळलेलं. बोंबील. मरळ कुठला आणि रोहू कुठला हे लांबून सांगणारी पोरं आमच्यात आहेत, गोदाकाठची मामाची गावं आहेत त्यांची. पण खारं पाणी जिभेवर घेतलेलं लेकरू वीसात एखादंच निघतं.

गाडी कोणती?

देवगिरी एक्सप्रेस. परभणीहून संध्याकाळी बसायचं, सकाळी सातच्या सुमारास मुंबई. परतीला तीच गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून रात्री साडेनऊच्या आसपास सुटते. वेळापत्रक मधूनमधून बदलतं, तेव्हा तिकिटावर छापलेली वेळ खरी. लातूरकडच्या पाहुण्यांना त्यांची लातूर-मुंबई एक्सप्रेस सोयीची, तीही रात्रीचीच.

दादरला उतरलं तर भायखळा जवळ पडेल, असं दरवर्षी कुणीतरी सांगतं. हिशेब बरोबर आहे. पण वीस लेकरं, त्यांच्या पिशव्या आणि झोपेतून उठवलेली दोन धाकटी दादरच्या थांब्यात खाली उतरवून बघा एकदा. आम्ही शेवटच्या स्टेशनापर्यंत जातो, निवांत उतरतो, डोकी मोजतो, तोंडं धुतो आणि लोकलनं मागं येतो. मशीद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरं भायखळा.

वंदे भारतनं का जात नाही? आता तर ती नांदेडहून सुटते.

सुटते, पण पहाटे निघून मुंबईत दुपारी पोचते. सकाळचे पेंग्विन गेले, रात्रीच्या झोपेचं भाडं वाचायचं तेही गेलं. शिवाय लेकरांना आडवं व्हायला बर्थ लागतो, खुर्ची नाही.

तिकिटं कधी काढायची? मुलांना अर्धं तिकीट चालतं का?

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढायचं. मे महिना म्हणजे लग्नसराई. आठवडाभर थांबलात तर वेटिंग, आणि तत्काळच्या भरवशावर वीस लेकरं नेता येत नाहीत. पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही. पाच ते बारामधल्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको असेल तर अर्धं. आम्ही बर्थ घेतो. रात्रभर आईच्या कुशीत आखडून गेलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला रडायला लागतं, आणि एक रडलं की सगळीच.

तारीख कशी ठरवता? दरवर्षी वेगळीच का असते?

चंद्रावरून.

गंमत नाही. आम्हाला ओहोटी संध्याकाळी हवी असते. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला मोठी भरती दुपारी बाराच्या मागेपुढे असते, म्हणजे पाणी पुरतं आटतं ते संध्याकाळी सहाच्या सुमारास. शिवाय त्या दिवसांत ओहोटीही मोठी, पाणी नेहमीपेक्षा बरंच आत जातं. म्हणून पौर्णिमेचा आदला दिवस धरायचा. पाच वाजता वाळू उघडी पडते, उजेड सातपर्यंत असतो, आणि रात्रीची गाडी गाठता येते.

अमावास्याही चालली असती. पण एका वर्षी तशी तारीख काढली तर गल्लीतल्या तीन आज्यांनी मला ओट्यावर बसवून विचारलं, ‘अवशेला लेकरं घेऊन निघतीस व्हय गं?’ समुद्राला फरक पडत नाही, आज्यांना पडतो. तेव्हापासून पौर्णिमा.

एवढं करून तो वार बुधवार नसावा.

बुधवारचं काय?

बुधवारी राणीची बाग बंद असते. बुधवारी सरकारी सुट्टी आली तर उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. आमची पहिलीच सहल बुधवारी गेली. साडेपाचशे किलोमीटर जाऊन कुलूप बघितलं. चूक माझीच, मी विचारलंच नव्हतं. लेकरांची तोंडं बघवेनात, म्हणून टॅक्सी करून चौपाटीवर नेलं. योगायोगानं पाणी लांब गेलेलं होतं. त्या संध्याकाळी वाळूत जे दिसलं त्यामुळे ओहोटी या सहलीत कायमची आली. कुलूप नसतं तर आजही आम्ही नुसते पेंग्विन बघून भेळ खाऊन परतलो असतो.

पेंग्विन तर बर्फातला पक्षी. मुंबईच्या उकाड्यात त्याला डांबून ठेवलंय, ते बघायला लेकरं न्यायची का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण तो विचारणारा माणूस विचार करतो. याचे दोन भाग आहेत.

पहिला भाग बर्फाचा. पेंग्विनच्या अठराएक जाती आहेत आणि त्यांतल्या मोजक्याच बर्फावर राहतात. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन. त्यांचं गाव दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि चिलीचा किनारा. तो प्रदेश इतका कोरडा की आपला आष्टी-पाटोदा तिथं हिरवागार वाटावा. अटाकामाचं वाळवंट तिथंच समुद्राला भिडतं. ऊन आहे, खडक आहेत, पाऊस जवळजवळ नाही. मग पक्षी जगतो कशावर? किनाऱ्याला लागून दक्षिणेकडून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, हम्बोल्ट प्रवाह. खालचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यात बारीक मासळीचे थवेच्या थवे, आणि त्यांवर पेंग्विन. जमीन उपाशी आणि समुद्र भरलेला, असा तो मुलूख.

घरटी कशात करतात तेही ऐका. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थरावर थर साचून कडक होतात, त्यात बिळं कोरून. त्या थरांना ग्वानो म्हणतात. नत्र आणि स्फुरदानं भरलेलं खत. एकोणिसाव्या शतकात पेरूच्या बेटांवरून ते जहाजं भरभरून युरोपच्या शेतांना गेलं आणि पेंग्विनच्या बिळांची जागा खरवडली गेली. युरियाचं पोतं खांद्यावर वाहिलेल्या बापाला हे सांगितलं की तो पक्ष्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो, हा माझा अनुभव.

दुसरा भाग डांबण्याचा. त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन आणले. त्यातला एक त्याच ऑक्टोबरात गेला, तेव्हा बरंच वादळ उठलं. मार्च २०१७ पासून लोकांना बघायला मिळू लागले. उरलेल्या सातांना पुढे पिल्लं झाली, आता संख्या दुपटीच्या वर आहे. आतलं तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवतात. पिल्लं होणं हे बऱ्या सांभाळाचं लक्षण आहे, पण काचेमागची जागा ती काचेमागचीच. मी लेकरांना दोन्ही सांगते. आठवीतल्या मुली यावर गाडीत रात्री अकरापर्यंत भांडतात, आणि मी झोपेचं सोंग घेऊन ऐकते.

पेंग्विनचा आणि आपल्या दुष्काळाचा काही संबंध आहे म्हणता, तो काय?

हे मी दरवर्षी गाडीतच सांगते, इथे थोडक्यात.

काही वर्षांनी पेरूपुढचा समुद्र नेहमीपेक्षा तापतो. त्याला एल निनो म्हणतात. थंड पाणी वर यायचं मंदावतं, मासळी खोल किंवा दूर जाते, आणि पेंग्विन उपाशी मरतात. १९८२-८३ च्या एल निनोत त्यांचे फार हाल झाले. तोच तापलेला समुद्र वाऱ्यांची घडी विस्कटतो आणि बऱ्याचदा आपला मान्सून त्या वर्षी अशक्त पडतो. दर वेळी पडतोच असं नाही, पण २०१५ साली पडला. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला टाकीचे दहा डबे, पाच लाख लिटर. आज कॉलेजात असलेल्या आमच्या पोरांना ती गाडी आठवते, कारण त्यांनी ती टीव्हीवर बघितली होती.

लातूरला पाण्याची गाडी एप्रिल २०१६, मुंबईला पेंग्विन जुलै २०१६. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही, योगायोग आहे. पण पेरूचं पाखरू आणि औशाचा शेतकरी एकाच पाण्याच्या लहरीवर जगतात, हा संबंध खरा.

प्रत्यक्षात बघायला किती वेळ मिळतो? लेकरांनी काय बघावं?

मेच्या सुट्टीत रांग असते. म्हणून उघडायच्या वेळेला, साडेनऊच्या सुमारास, दारात हजर राहायचं आणि आधी थेट पेंग्विनकडे. वाघ, अस्वल, पाणघोडा नंतर. आतून गर्दी पुढे ढकलत राहते, त्यामुळे काय बघायचं ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पक्षी जेमतेम दोन फुटांचा, वजन चार-पाच किलो. काचेपाशी गेल्यावर जमिनीवरचे नाही, पाण्यातले बघा. जमिनीवर तो बिचारा नवीन चप्पल चावल्यासारखा चालतो. पाण्यात शिरला की पंखांनी अक्षरशः उडतो. छातीवरचे काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, दोन पक्षी निवडून ठिपक्यांवरून ओळखायचा खेळ लावा. एखादा मान झटकताना दिसेल. या पक्ष्यांच्या डोळ्यांवर मिठाची ग्रंथी असते. समुद्राचं पाणी पोटात गेलं की जादा मीठ ती रक्तातून काढून चोचीवाटे बाहेर टाकते.

एखादा पक्षी पिसं विस्कटलेला, कोपऱ्यात मरगळून उभा असेल तर आजारी म्हणून हळहळू नका. वर्षातून एकदा त्यांची सगळी पिसं एकदम गळून नवी येतात. ते दोन-तीन आठवडे चालतं, अंगावर पाणी न शिरणारं कवच नसतं, म्हणून रानात असताना तो त्या काळात समुद्रात उतरत नाही आणि उपाशी राहतो. आधी खाऊन गब्बर होतो ते त्यासाठीच.

काचेवर टकटक करायची नाही, फ्लॅश मारायचा नाही. मोठ्यांनाच जास्त सांगावं लागतं.

बागेत फिरताना गोरखचिंचेचं अवाढव्य खोड आणि वस्तुसंग्रहालयाबाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती, एवढं चुकवू नका. बाग १८६२ पासूनची आहे, झाडं खरोखरच बघण्यासारखी.

तिकीट किती?

आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १५ वर्षांच्या मुलांना २५, आणि आई-बाबा व दोन मुलं असं कुटुंब असेल तर १००. दर बदलले असतील तर तिथे फलक आहे.

डॉल्फिनचा खेळ कुठे बघायला मिळेल?

भारतात कुठेच नाही, आणि ते बरं आहे. मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं राज्यांना कळवलं की डॉल्फिन कोंडून खेळ करणाऱ्या जागांना परवानगी देऊ नये. डॉल्फिन मासा नाही. आपल्यासारखाच हवा घेतो, पिल्लाला दूध पाजतो, आणि आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्यात वाट शोधतो. सिमेंटच्या टाकीत तोच आवाज चारी भिंतींवरून त्याच्यावर येऊन आदळतो. लग्नाच्या मांडवात डीजेच्या भिंतीसमोर जन्मभर बसवल्यासारखं.

मोकळे डॉल्फिन बघायचेच तर कोकणात, होडीतून. तारकर्ली, हर्णै. पण ते परभणीहून एका दिवसात होत नाही. आणि राष्ट्रीय जलचर कोण, असं सामान्यज्ञानाच्या पेपरात आलं तर उत्तर गंगेतला डॉल्फिन.

आम्ही लहानपणी तारापोरवाला मत्स्यालय बघितलं होतं. ते का नाही दाखवत?

मरीन ड्राइव्हवरचं १९५१ सालचं ते मत्स्यालय बंद आहे, इमारत जुनी झाली. मलाही वाईट वाटतं. माझ्या वडिलांनी मला कासव दाखवलं होतं तिथे.

आपल्याच गावात मैदानावर काचेच्या बोगद्याचं प्रदर्शन लागलंय. मासेच बघायचे तर तिथे जाऊ की, मुंबई कशाला?

जा ना. मीही गेले होते. पाळणे, पापड, मौत का कुआँ आणि मधे बोगदा. लेकरं खूश होतात, त्यात वाईट काही नाही. पण दोन गोष्टी डोळसपणे बघा. त्यातले बरेच मासे गोड्या पाण्यातले असतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं आणि ते तसंच राखत गावोगाव टाक्या हलवणं सोपं नाही. दुसरं, मी गेले त्या दिवशी टाकीपासून हातभर अंतरावर कर्णा वाजत होता. मासा पाण्यातली थरथर अंगाच्या बाजूनं जाणाऱ्या एका रेषेनं टिपतो. त्याला काय वाटत असेल, हे लेकरानंच मला विचारलं. ‘बाई, त्याला कान झाकता येत नाहीत ना?’

चौपाटीवर वाळूशिवाय असतं काय?

आधी काही दिसत नाही. पाच मिनिटं उकिडवं बसायचं, बोलायचं नाही. मग वाळू हलायला लागते.

हरभऱ्याएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाणं चोखून उरलेल्या वाळूची बारीक गोळी मागे टाकतात. अशा शेकडो गोळ्यांची बिळाभोवती रांगोळी होते. भरती आली की पुसते, पुढच्या ओहोटीला नवी. शंखात घर केलेला खेकडा, म्हणजे शंखवासी खेकडा, ओल्या वाळूवर रेघ ओढत चाललेला दिसतो. चंद्रासारखा गोल शंख असलेली गोगलगाय वाळूखालून नांगरत जाते.

खडकांवरचं जग याहून श्रीमंत आहे. हाजी अलीच्या बाजूच्या खडकांवर समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, असतात, कधी ऑक्टोपसही. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाची मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना असं किनारी जीवन दाखवायला नेतात. आम्ही मात्र लहान लेकरांना शेवाळलेल्या खडकांवर नेत नाही. वाळू पडली तरी मऊ.

पाण्यात घोट्यापर्यंत, फार तर पोटरीपर्यंत. पोहायला येतं म्हणणाऱ्या विहिरीतल्या पोहणाऱ्यांवर माझी जास्त नजर असते. विहीर ओढून नेत नाही. जेलीसारखं काहीही पडलेलं दिसलं तर मेलेलं असलं तरी हात लावायचा नाही, मेल्यावरही ते डसतं.

परभणीचं ४३ अंश सोसतो आम्ही, मुंबईचं ३४ काय करणार?

असं म्हणणारेच दुपारी एकला खाली बसतात. आपल्याकडे घाम आला की वाळतो आणि अंग निवतं. तिथं हवेतच इतका ओलावा की घाम वाळत नाही, नुसता वाहतो. सुती कपडे, एक जादा जोड, आणि मीठ-साखरेचं पाणी. बारा ते चार आम्ही झाडाखाली किंवा जेवणाच्या ठिकाणी काढतो. ‘एवढ्या वेळात गेटवे होईल’ हा प्रस्ताव दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी तो पाडते.

खायला काय घ्यायचं?

धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. दही नको, उसळ नको. दुपारचं जेवण मुंबईत विकत, संध्याकाळी चौपाटीवर भेळ. बागेत प्राण्यांना काहीही खायला टाकायचं नाही, चुरमुरासुद्धा.

किती वर्षांची मुलं घेता?

पाच पूर्ण. वरची मर्यादा नाही, गेल्या खेपेला एक आजोबा ७४ वर्षांचे होते आणि खेकड्यांच्या गोळ्यांपाशी सर्वांत जास्त वेळ तेच बसले. प्रत्येक लेकराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी लागते. मोबाइल दिला असला तरी चिठ्ठी, कारण मोबाइल हरवतो.

शंख-शिंपले घरी आणू देता का?

फुटका शिंपला एखादा, हो. शंख नाही. काही शंख आणि बरीच प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, हे एक. आणि रिकामा शंख रिकामा नसतो. तो कुठल्यातरी खेकड्याचं पुढचं घर असतो. अंग वाढलं की त्याला मोठा शंख शोधावा लागतो, नाही मिळाला तर प्लास्टिकचं झाकण पाठीवर घेऊन फिरतात.

पहिल्या वर्षी हा नियम नव्हता. परतीच्या गाडीत, पहाटे जालन्याच्या अलीकडे, वरच्या बर्थवरच्या एका पोराच्या डब्यातून खरखर आवाज यायला लागला. उंदीर असेल म्हणून त्याच्या आईनं भीत भीत झाकण उघडलं. आत दशमीचा तुकडा होता, आणि त्यावरून एक शंख चालत होता.